तिच्या खोलीला खिडकी होती

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनमधल्या एका मोलकरणीवर कादंबरी लिहायला वेळ मिळावा म्हणून आम्ही मोलकरीण ठेवली. आज हे वाक्य लिहिताना त्यातला विनोद मला दिसतो. तेव्हा दिसला नव्हता. तेव्हा घरात सगळ्यांना ती अगदी सरळ सोय वाटली होती.

सिंगापुरात टॅम्पिनीसला राहायला येऊन आम्हाला चार वर्षं झाली होती. नवरा आयटी मॅनेजर, मुलगी शाळेत, आणि मी पुण्याच्या कॉलेजातली इंग्रजी शिकवायची नोकरी सोडून त्याच्या नोकरीच्या पासवर 'डिपेंडंट', म्हणजे आश्रित, म्हणून आलेली. कागदावर तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा आठवडाभर मी त्याच्याशी धड बोलले नव्हते. मुलगी शाळेत गेली की मी जवळच्या लायब्ररीत जाऊन बसायचे. तिथे एकदा इंग्रज गृहिणींसाठी त्या काळी लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं. नोकर कसे निवडावेत, त्यांना किती वाजता उठवावं, मालकीण जिन्यात समोर आली तर मोलकरणीनं भिंतीकडे तोंड करून कसं उभं राहावं, असं सगळं त्यात होतं. वाचता वाचता माझं रक्त उसळलं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "मी कादंबरी लिहिणार आहे."

"कशावर?"

"लंडनच्या एका घरात राबणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर. जिचा आवाज कुणी कधी ऐकलाच नाही तिच्यावर."

"इंग्रजीत?"

"मराठीत."

त्याने स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. मग म्हणाला, "आणि स्वयंपाकाचं काय?"

तर असं ठरलं. सिंगापुरात मोलकरीण म्हणत नाहीत, हेल्पर म्हणतात. मला हा शब्द फार आवडला. सगळं काम ती करणार, आणि तरी ते काम आपलंच, ती फक्त मदत करणार. पुण्यात आमच्याकडे भांडी घासायला यायच्या त्यांना आम्ही मावशी म्हणायचो आणि त्यांच्या चहाचा कप वेगळा ठेवायचो. त्या मानाने इथे आपण किती पुढे आलो, असं मला मनापासून वाटलं.

आमच्याकडे आलेली हेल्पर इंडोनेशियाची, जावा बेटावरची. आधी सहा वर्षं हाँगकाँगला काम केलेलं. दोन मुली गावाकडे आईजवळ. अंगाने बारीक, हाताने भराभर, आणि बोलायला जपून. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं, "हे बघ, मला मॅम म्हणू नकोस. आमच्याकडे ताई म्हणतात. ताई म्हणजे मोठी बहीण." तिने मान डोलावली आणि त्या दिवसापासून मला 'मॅम ताई' म्हणायला लागली. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती, हे मला नंतर तिचा पासपोर्ट बघताना कळलं. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, त्यामुळे 'यू'वर भागत होतं. आता मराठीत लिहायला बसले तेव्हा लक्षात येतंय की मनातल्या मनात मी तिला पहिल्या मिनिटापासून 'तू'च म्हणत होते. 'तुम्ही' म्हणावं असं एकदाही सुचलं नाही.

आमच्या फ्लॅटला तीन बेडरूम होत्या. एक आमची, एक मुलीची. तिसरी रिकामीच होती, पण कादंबरी लिहायची तर बसायला जागा हवी, म्हणून तिथे मी टेबल टाकलं आणि ती माझी अभ्यासिका झाली. हेल्परला शेल्टर दिलं. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराजवळ एक छोटी खोली असते, जाड भिंतींची, लोखंडी दाराची. युद्ध झालं, बाँब पडले, तर घरच्यांनी त्यात जाऊन बसायचं. तोवर लोक त्यात सुटकेसा, तांदळाची पोती आणि हेल्पर ठेवतात. आम्ही सुटकेसा काढून पलंग ठेवला, पंखा लावला, भिंतीवर मुलीने काढलेलं फुलपाखराचं चित्र चिकटवलं. "कोझी!" असं मुलगी म्हणाली. सगळ्यांनाच बरं वाटलं.

लिखाण सुरू झालं. सकाळी साडेसातला मुलीची बस गेली की मी अभ्यासिकेचं दार लावून घ्यायचे. बाहेर ती फरशी पुसायची, कपडे वाळत घालायची, पोळ्या करायची. पोळ्या तिला तीन आठवड्यांत जमल्या, मला लग्नानंतर तीन वर्षं लागली होती. अकरा वाजता ती दारावर टकटक करून चहा आणून द्यायची. चहा पिताना मी खिडकीतून खालच्या झाडांकडे बघत माझ्या नायिकेच्या हालअपेष्टांचा विचार करायचे.

एके दिवशी गाडी अडली. माझी नायिका पहाटे कोळशाची बादली आणि गरम पाण्याची मोठी किटली घेऊन तीन जिने चढत होती, आणि ते दृश्य काही केल्या खरं वाटेना. चहा घेऊन ती आली तेव्हा मी सहज तिला सांगितलं की अशी अशी मुलगी आहे, तिच्या एका हातात कोळसा आहे, दुसऱ्या हातात पाणी.

तिने विचारलं, "मग दार कोण उघडतं?"

मी कागद बघितला. दार कुणीच उघडत नव्हतं.

"कोळसा खाली ठेवायचा," ती म्हणाली. "पाणी नाही. पाणी खाली ठेवलं की सांडतं. दार असं उघडायचं." तिने चहाचा ट्रे हातात धरून कमरेने माझं दार लोटून दाखवलं. "आणि कोळसा पायाने आत सरकवायचा. मॅडम बघत नसेल तर."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. एकदम तो जिना खरा झाला, ती मुलगी खरी झाली. मग मला चटकच लागली. रोज अकरा वाजता मी तिला काहीतरी विचारायचे. गुडघ्यांवर बसून फरशी घासताना ही मुलगी रडेल का? "रडणार नाही. पहिला आठवडा दुखतं, मग बसलेलं जाणवत नाही. उठताना दुखतं." मालकीण रागावली हे तिला कसं कळेल? "चपलेवरून." म्हणजे? "मॅडम घरात कुठे आहे, ते चपलेच्या आवाजावरून कळतं. आवाज भराभर आला तर राग. आवाजच आला नाही तर जास्त राग. मग आपण आधीच कामाला लागायचं." मी भराभर लिहून घेत होते. आमच्या घरात चपलेचा आवाज कुणाचा येतो, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही. मी घरात स्लिपर घालते. अजूनही घालते.

पोटमाळ्याचं प्रकरण लिहून झालं तेव्हा मी इतकी भारावून गेले की तिला समोर खुर्चीवर बसवून इंग्रजीत सांगितलं. दिवसभर राबून ती मुलगी छपराखालच्या खोलीत येते. थंडीने कुडकुडते. छोट्या खिडकीतून तिला लंडनची धुरांडी दिसतात, आणि ती आईची आठवण काढते.

ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "तिच्या खोलीला खिडकी होती?"

"हो, पण अगदी लहान."

"उघडायची?"

"उघडत असणार."

"मग चांगलं घर होतं," ती म्हणाली आणि कप उचलून निघून गेली.

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं का, ते मला आजही सांगता येणार नाही. तिचा चेहरा साधा होता. मी मात्र दिवसभर बेचैन होते. संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, "आपण तिला अभ्यासिका देऊ या का?" तो म्हणाला, "दे की. तू कुठे लिहिणार?" मी खूप विचार केला. त्या शनिवारी आम्ही मॉलमध्ये जाऊन तिच्यासाठी नवा पंखा आणला, तीन स्पीडचा, रिमोटवाला. तिने थँक्यू म्हटलं. माझी बेचैनी गेली आणि पुढचं प्रकरण चार दिवसांत झालं.

शेवटावरून मात्र आमचं भांडण झालं. भांडण म्हणजे ती दोन-तीन वाक्यं बोलली आणि मी व्याख्यान दिलं. माझ्या नायिकेला छातीचा विकार होतो आणि बर्फाच्या दिवसांत ती पोटमाळ्यावर एकटी मरते. हे ऐकून तिने भाजी चिरायची सुरी खाली ठेवली.

"का मरते?"

"आजारी पडते म्हणून. त्या काळी औषधं नव्हती."

"ती इतकं काम शिकली. चांदीची भांडी, शिवण, लहान बाळ, सगळं. दुसरं घर बघेल. मरेल कशाला?"

मी तिला शोकांतिका समजावून सांगितली. वाचकाला धक्का बसायला हवा, त्याचं काळीज हललं पाहिजे, वगैरे. तिने पुन्हा सुरी उचलली. "वाचणाऱ्याला रडायला आवडतं, म्हणून ती मरणार?" एवढंच ती म्हणाली. मी नायिकेला मारलीच.

पुण्यातल्या एका प्रकाशकांनी कादंबरी छापली. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींनी ठरवलं की प्रकाशन सिंगापुरातही झालं पाहिजे. एका मित्राच्या काँडोतला, म्हणजे खासगी सोसायटीतला, हॉल मिळाला. पाहुणे म्हणून मुलाकडे सेम्बावांगला आलेले एक निवृत्त प्राध्यापक मिळाले. दिवस रविवारचा ठरला. साठ माणसांना बटाटेवडे आणि चहा द्यायचा होता.

मी तिला सोमवारीच सांगून टाकलं. "या रविवारी आपला कार्यक्रम आहे. तू सुट्टी पुढच्या रविवारी घे, चालेल ना?" हे मी विचारलं असं मला वाटत होतं. खरं म्हणजे बोलता बोलता मी बटाट्यांचा अंदाज करत होते.

"या रविवारी नाही, मॅम ताई," ती म्हणाली.

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"परीक्षा आहे," ती म्हणाली.

"कसली परीक्षा?"

तेव्हा मला कळलं की दीड वर्ष ती दर रविवारी क्लासला जात होती. म्हाताऱ्या माणसांची देखभाल कशी करायची याचा कोर्स. मी समजत होते की रविवारी सगळ्या हेल्पर बागेत चटया पसरून डबा खातात आणि फोनवर गाणी ऐकतात. कधी विचारलं नव्हतं. कोळसा, किटली, गुडघे, चपला, सगळं विचारलं होतं. रविवारी कुठे जातेस, एवढं राहून गेलं होतं.

आणि मला काय वाटलं? लाज वाटली असं लिहायला मला आवडलं असतं. मला राग आला. मी हिच्यासारख्या बायकांसाठी तीनशे पानं लिहिली, आणि त्या तीनशे पानांच्या दिवशी ही नाही म्हणते! मी अभ्यासिकेत जाऊन बसले. टेबलावर पुस्तकाची पहिली प्रत होती. त्यातल्या बाराव्या प्रकरणात घरी मेजवानी आहे म्हणून मालकीण माझ्या नायिकेची अर्ध्या दिवसाची सुट्टी रद्द करते. ते प्रकरण मी दोनदा रडून लिहिलं होतं. त्या वेळी मला ते आठवलं नाही. आठवण नवऱ्याने करून दिली, आणि मग मी त्याच्याशीही बोलले नाही.

रविवारी सकाळी ती पांढरा शर्ट घालून, केस घट्ट बांधून, फाइल घेऊन निघून गेली. वडे मी आणि नवऱ्याने तळले. ते आतून कच्चे राहिले.

कार्यक्रम मात्र रंगला. मी पोटमाळ्याचा उतारा वाचला तेव्हा पहिल्या दोन रांगांतल्या बायकांनी डोळे पुसले. माझ्याजवळ बसलेल्या एक बाई हळहळल्या, "किती निर्दय होते हो हे इंग्रज!" आणि त्याच दमात फोन काढून घरी हेल्परला विचारलं, डाळ भिजत घातली का, आणि आपण नसताना टीव्ही लावू नकोस म्हणून बजावलं. प्राध्यापकांनी अर्धा तास भाषण केलं. त्यांनी खास एक वाक्य वाचून दाखवलं. "'मालकीण घरात कुठे आहे, हे तिला पावलांच्या आवाजावरून कळे, आणि आवाजच आला नाही की ती अधिक घाबरे.' पाहा! ज्या बाईने आयुष्यात कधी कुणाकडे चाकरी केली नाही, तिला हे कसं सुचलं असेल? केवढी ही कल्पनाशक्ती!"

टाळ्या झाल्या. मी नम्रपणे मान खाली घातली. एका गृहस्थांनी विचारलं, "यासाठी तुम्ही लंडनला जाऊन आलात का?"

"नाही," मी म्हटलं, "इथल्याच लायब्ररीत दोन वर्षं अभ्यास केला. जुनी पुस्तकं, जुनी पत्रं..."

"नो लाह, आई!" पहिल्या रांगेतून माझी दहा वर्षांची मुलगी म्हणाली. इथल्या मुलांचा आवाज खणखणीत असतो, आणि वाक्याला 'लाह' नाहीतर 'व्हॉट'ची शेपटी असते. "यू ऑल्वेज आस्क आंटी व्हॉट! एव्हरी डे, टी टाइम!"

हॉलमध्ये हशा पिकला. मुलांच्या गोड बोलण्यावर हसतात तसा. प्राध्यापकही हसले. "आंटी कोण?" त्यांनी कौतुकाने विचारलं. "अवर हेल्पर," मुलगी म्हणाली. हसणं जरा कमी झालं. मग कुणीतरी चहा घ्यायला चला म्हटलं, आणि सगळे सुटल्यासारखे उठले. चहाच्या वेळी मी पुस्तकातलं ऋणनिर्देशाचं पान उघडून बघितलं. प्रकाशक, मुद्रितं तपासणाऱ्या बाई, माझ्या कॉलेजातल्या मॅडम, लायब्ररी, नवरा, मुलगी. शेवटी 'आणि घरातली सर्व मंडळी'.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी सोफ्यावर बसले होते. परीक्षा कशी झाली ते मी विचारलं, दीड वर्षात पहिल्यांदाच.

"पास," ती म्हणाली. "माणसाला पलंगावरून व्हीलचेअरवर बसवायचं होतं. मी दोन मिनिटांत बसवलं. कार्यक्रम?"

"झाला. लोकांना तुझं चपलेचं वाक्य फार आवडलं."

"कुठलं?" तिला ते आठवतसुद्धा नव्हतं. मी सांगितलं. ती हसली. "हे तर सगळ्यांना माहीत असतं," ती म्हणाली आणि तळणीची कढई घासायला गेली.

दोन महिन्यांनी तिचं काँट्रॅक्ट संपत होतं. स्वयंपाकघरात मला तिच्यासारखी पातळ पोळी लाटायला शिकवतानाच तिने सांगितलं की ती परत सही करणार नाही. बेडोकला एका घरात आजीबाईंना सांभाळायला माणूस हवं होतं. तिला तेच काम करायचं होतं.

मला भरून आलं. "तू आमच्या घरच्यासारखी आहेस," मी म्हटलं.

"हो, मॅम ताई. घरच्यासारखी," ती म्हणाली, आणि माझ्या पोळीची कड जाड राहिली होती तिथे बोट ठेवलं.

न राहवून मी विचारलं, "तिथल्या खोलीला खिडकी आहे का?"

"आहे. खाली मोठा रस्ता आहे. गाड्यांचा आवाज येतो."

ती गेली. मुलगी दोन दिवस रडली. शेल्टरमध्ये सुटकेसा परत आल्या. मी सगळ्यांना सांगितलं की आता आम्ही हेल्पर ठेवणार नाही, तत्त्व म्हणून. तेवढ्यात नवऱ्याने भांडी घासायचं मशीन आणलं.

प्रकाशकांचा फोन आला की दुसरी आवृत्ती काढायचं चाललंय, काही दुरुस्त्या असतील तर कळवा. मी ठरवलं की ऋणनिर्देशात तिचं नाव घालायचं, अगदी सगळ्यांत वर. पण नाव घालायचं तर विचारायला हवं. मी तिला फोन केला आणि एका सकाळी आम्ही बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, भेटलो. ती आजीबाईंना व्हीलचेअरवर घेऊन आली होती. चिनी आजी, अंगावर फुलाफुलांचा ब्लाउज, हातात जेडची बांगडी, आणि नजर एकदम कडक. तिची आणि आजींची गट्टी जमलेली दिसत होती. आजी काहीतरी पुटपुटायच्या आणि तिला ते कळायचं.

मी तिला पुस्तक दाखवलं. तिने हात पुसून ते घेतलं, देवनागरी अक्षरांवरून बोट फिरवलं, मुखपृष्ठावरच्या मुलीचा ॲप्रन बघितला. "गाठ पुढे बांधली आहे," ती म्हणाली. "मागे बांधतात. पुढे असली की कामात मध्ये येते." मी ते लिहून घेतलं. मग मी तिला ऋणनिर्देशाचं सांगितलं.

तिने पुस्तक मिटलं. "माझं नाव? छापलेलं?"

"हो. पहिलंच."

"नको."

"अगं, पण तुझ्यामुळेच..."

"नको, मॅम ताई. इथली मॅडम बघेल. तिला वाटेल, ही बाई घरातलं सगळं बघते आणि बाहेर पुस्तकवाल्यांना जाऊन सांगते. मग ती माझ्यासमोर बोलणार नाही, कपाटाला कुलूप लावेल. मला हे घर आवडतं."

मी पुस्तक परत पिशवीत ठेवलं. तिला माझी दया आली असावी. "तुम्ही बसा," ती म्हणाली. "मी तेह घेऊन येते. दोन मिनिटं आजीला बघा." आणि ती चहाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मी व्हीलचेअरची मूठ धरून उभी राहिले. बसायचं मला सुचलं नाही. आजींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, माझा साधा कुडता, खांद्यावरची कापडी पिशवी. मग त्यांनी जेडच्या बांगडीचा हात वर केला आणि टेबलावर सांडलेल्या कुणाच्यातरी सूपकडे बोट दाखवलं.

"वाइप," त्या म्हणाल्या.

मी इकडेतिकडे बघितलं. त्या मलाच म्हणत होत्या.

"फास्टर, लाह."

पिशवीत टिश्यूंचं पाकीट होतं. मी वाकून टेबल पुसायला लागले. एक कोपरा राहिला होता, तोही त्यांनी दाखवला.